'विकत घेतले' म्हणजे नक्की काय मिळाले?
डिजिटल गेम, जुन्या मालाची फेरविक्री आणि नकली प्रतींचा धंदा

व्यापाराचा पहिला नियम असा की, विकणाऱ्याने काय दिले आणि घेणाऱ्याने काय घेतले, हे दोघांनाही सारखेच कळलेले असावे. कापडवाला मीटरने मोजून देतो, किराणावाला वजन करून देतो, भंगारवालासुद्धा काटा समोर धरतो. पैसे दिले, माल हातात आला, व्यवहार पुरा झाला. त्यानंतर तो माल स्वतः वापरा, भावाला द्या किंवा बाजारात विका. आधीच्या मालकाचा त्यावर कसलाही दावा उरत नाही. यालाच मिल्कियत म्हणतात.

गेल्या काही वर्षांत मात्र बाजारात असा एक माल आला आहे की, ज्याच्यावर 'विकत घ्या' असे लिहिलेले असते, किंमतही विक्रीचीच घेतली जाते, पण घेणारा त्याचा मालक होत नाही. संगणक, कन्सोल आणि मोबाइलवरचे गेम, ई-पुस्तके, चित्रपट आणि सॉफ्टवेअर हा तो माल होय. आपल्या समाजातील अनेक तरुण मोबाइल दुरुस्ती, संगणक विक्री आणि गेम पार्लरच्या व्यवसायात आहेत. एका बाजूला कंपन्यांच्या अवघड अटी आणि दुसऱ्या बाजूला नकली प्रतींची सोपी कमाई, अशा कात्रीत हे तरुण सापडतात. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे आवश्यक आहे.

तीन व्यवहार, तीन नावे

शरीअतने देवाणघेवाणीचे वेगवेगळे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तीन येथे उपयोगी आहेत.

पहिला प्रकार बैअ, म्हणजे विक्री. यात वस्तूही खरेदीदाराची होते आणि तिचा उपयोगही त्याचाच होतो.

दुसरा प्रकार इजारा, म्हणजे भाडे. यात वस्तू मूळ मालकाचीच राहते. भाडेकरूला फक्त तिचा उपयोग, म्हणजेच मनफअत मिळते. त्यासाठी भाडे किती आणि मुदत किती हे आधी ठरलेले असावे लागते.

तिसरा प्रकार आरियत, म्हणजे मोबदला न घेता वापरायला देणे. वस्तू देणाऱ्याची, उपयोग घेणाऱ्याचा, आणि काम झाले की वस्तू परत.

हे तिन्ही व्यवहार जायज आहेत. दोष निर्माण होतो तो एका व्यवहाराला दुसऱ्याचे नाव दिल्यामुळे, किंवा व्यवहाराची मूळ बाबच अंधारात ठेवल्यामुळे. अशा अनिश्चिततेला फिकहमध्ये गरर म्हणतात.

आता डिजिटल गेमचा व्यवहार या कसोटीवर घासून पाहू. समजा, एका ग्राहकाने कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून ३,००० रुपयांचा गेम घेतला. पडद्यावर 'विकत घ्या' असे बटण होते, ते त्याने दाबले. परंतु लांबलचक अटींमध्ये लिहिलेले असते की, ग्राहकाला केवळ वैयक्तिक वापराचा परवाना दिला आहे, तो दुसऱ्याला देता येणार नाही आणि काही परिस्थितीत कंपनी तो काढून घेऊ शकते. म्हणजे ही बैअ नव्हे. मग इजारा म्हणावे, तर मुदत कोठेच लिहिलेली नाही. हा गेम दोन वर्षे चालेल की वीस वर्षे, हे घेणाऱ्याला माहीत नसते. नाव विक्रीचे, अटी भाड्याच्या आणि मुदतीचा पत्ता नाही, असा हा प्रकार आहे.

मुंबईच्या वाचकांना हे पागडीच्या उदाहरणाने चटकन समजेल. पागडीची खोली घेताना मोठी रक्कम मोजावी लागते, तरी घेणारा मालक होत नाही, भाडेकरूच राहतो. पण पागडीत निदान काय मिळाले हे दोघांना ठाऊक असते. खोली दुसऱ्याच्या नावावर करता येते, घरमालकाला त्याचा वाटा द्यावा लागतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने अशा रकमेच्या देवघेवीला मान्यताही दिली आहे. डिजिटल गेम घेणाऱ्याला पागडीवाल्याइतकाही हक्क मिळत नाही. त्याला तो गेम ना विकता येतो, ना वारसांच्या नावावर सहजपणे करता येतो.

डिस्क आणि खाते यांतील फरक

त्याच गेमची डिस्क दुकानातून ३,००० रुपयांना घेतली असती तर काय झाले असते? महिनाभर खेळून झाल्यावर ग्राहक ती १,८०० रुपयांना जुन्या मालाच्या दुकानदाराला विकू शकला असता. दुकानदाराने ती २,२०० रुपयांना तिसऱ्याला दिली असती. म्हणजे पहिल्या ग्राहकाला गेम १,२०० रुपयांत पडला, दुकानदाराला ४०० रुपये सुटले आणि तिसऱ्याचे नव्या मालाच्या मानाने ८०० रुपये वाचले. या तिघांपैकी कोणीही कोणाचे काही लुबाडले नाही, कारण प्रत एकच होती आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली. खात्यात घेतलेल्या गेमबाबत ही सारी साखळीच तुटते.

कंपन्यांना ही साखळी आवडत नाही. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने नवा एक्सबॉक्स वन जाहीर करताना जुन्या डिस्कच्या फेरविक्रीवर आणि उसनवारीवर बंधने घालण्याचा बेत सांगितला होता. ग्राहकांनी इतका विरोध केला की, त्याच वर्षी १९ जूनला कंपनीला तो बेत मागे घ्यावा लागला. परंतु जे बंदीने साधले नाही ते हळूहळू दुसऱ्या मार्गाने साधले जात आहे. काही खोक्यांत आता डिस्कच नसते, एकदाच चालणारा कोड असतो. जून २०२५ मध्ये बाजारात आलेल्या निन्टेंडो स्विच २ च्या काही गेमच्या कार्डात गेम नसतोच, फक्त चावी असते. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. असे कार्ड पुन्हा विकता येते, पण कंपनीचा सर्व्हर चालू असेपर्यंतच त्याला नव्याने घेणाऱ्याच्या दृष्टीने किंमत आहे. जुन्या मालाच्या दुकानदाराने खोके हातात घेताना हा फरक पाहिलाच पाहिजे.

न्यायालयांनी काय म्हटले?

खरेदीदाराच्या हक्काचा हा वाद जुना आहे. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एका कादंबरीचा खटला आला. प्रकाशकाने पुस्तकात छापले होते की, एक डॉलरपेक्षा कमी किमतीत हे पुस्तक विकू नये. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. न्यायालयाने निर्णय दिला की, एकदा प्रत विकल्यावर पुढच्या विक्रीची किंमत ठरवण्याचा अधिकार कॉपीराइटमधून मिळत नाही. पहिल्या विक्रीबरोबर त्या प्रतीवरचा मालकाचा ताबा संपतो, हे तत्त्व यातूनच रूढ झाले.

युरोपात ३ जुलै २०१२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ओरॅकल कंपनीच्या खटल्यात म्हटले की, एकरकमी किंमत घेऊन कायमचा परवाना दिला असेल, तर डाउनलोड केलेले सॉफ्टवेअरसुद्धा विकल्यासारखेच आहे आणि ते पुढे विकता येते; मात्र विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे. ई-पुस्तकांबाबत मात्र त्याच न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ रोजी उलट निर्णय दिला.

गेमचा प्रश्न फ्रान्समध्ये लढवला गेला. तेथील एका ग्राहक संघटनेने स्टीम हे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीवर दावा केला. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला आणि सगळीकडे आनंद झाला. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलात तो निकाल फिरला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्याच बाजूने शिक्कामोर्तब केले. गेम हे केवळ सॉफ्टवेअर नसून त्यात चित्र, संगीत, कथा असे बरेच काही असते, म्हणून सॉफ्टवेअरचा नियम त्याला लागू नाही, असा त्यामागचा विचार आहे.

आपल्या देशात काय? कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये १९९४ साली दुरुस्ती होऊन संगणक प्रणालीच्या प्रतीची विक्री, ती प्रत आधी विकली गेलेली असली तरीही, कॉपीराइट मालकाच्या हाती ठेवण्यात आली होती. १९९९ च्या दुरुस्तीने 'आधी विकलेली असली तरी' हा भाग वगळण्यात आला. २ मार्च २०२१ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आयकराच्या एका मोठ्या प्रकरणात हे कलम तपासले आणि स्पष्ट केले की, ते प्रती तयार करून विकण्याला लागू होते. वस्तुरूपात सॉफ्टवेअर विकत घेऊन पुढे विकणारा वितरक त्याच्या कक्षेत येत नाही. त्याआधी २००४ सालीच टाटा कन्सल्टन्सीच्या प्रकरणात न्यायालयाने डिस्कवरचे तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे असे म्हटले होते. याचा अर्थ दुकानदाराने असा घ्यावा: अस्सल डिस्क विकत घेऊन पुन्हा विकणे हा सरळ व्यापार आहे. तिची नक्कल काढून विकणे हा गुन्हा आहे. आणि व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क कायद्याने मालकाकडे ठेवलेला असल्यामुळे, भाड्याचा धंदा करणाऱ्याने परवानगी घेऊनच पुढे जावे.

ओले धान्य वर ठेवा

मालकी नसल्याचा फटका कसा बसतो याची दोन उदाहरणे पाहू. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने किंडलवर विकलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. ज्याने ती पुस्तके दुकानात ठेवली होती त्याला ती विकण्याचा हक्क नव्हता, हे कारण होते. पैसे परत मिळाले आणि कंपनीने माफीही मागितली. परंतु कागदी पुस्तक विकणारा दुकानदार रात्री ग्राहकाच्या घरात शिरून पुस्तक उचलून नेऊ शकत नाही. येथे ते घडले.

दुसरे उदाहरण युबिसॉफ्ट कंपनीच्या 'द क्रू' या मोटार शर्यतीच्या गेमचे. २०१४ साली निघालेला हा गेम चालण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम सर्वांसाठी एकदम बंद पडला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याही हातात फक्त प्लास्टिक उरले. यातून युरोपात ग्राहकांची मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिच्या निवेदनावरील सह्यांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. त्यांची मागणी एवढीच की, पैसे घेऊन विकलेला गेम कंपनीने सोडून देताना चालण्याजोग्या अवस्थेत सोडावा.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जात असताना त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला समजावले की, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला हवे होते, आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, अशी सक्त ताकीद दिली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ओले धान्य विकूच नये असे सांगितले नाही. ते ओले आहे हे दिसू द्यावे, एवढाच आग्रह होता.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा नेमके हेच सांगतो. डिजिटल माल विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर ते ठळकपणे सांगितल्याशिवाय 'खरेदी' असा शब्द वापरता येणार नाही. कायमचा उतरवून घेता येणारा आणि नंतर विक्रेत्याच्या मदतीशिवाय चालणारा माल यातून वगळला आहे. स्टीमने ऑक्टोबर २०२४ पासूनच पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना देण्यास सुरुवात केली. म्हणजे ओले धान्य थोडे वर आले.

'मग नक्कल केली तर काय बिघडले?'

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तरुणांच्या तोंडी एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो: विकत घेऊनही मालकी मिळत नसेल, तर नक्कल करणे ही चोरी कशी? ऐकायला हे चटकदार वाटते, पण हिशेबात बसत नाही. कंपनीने मालकी दिली नाही याचा अर्थ मालकी कंपनीकडेच राहिली. जी वस्तू दुसऱ्याची आहे, ती त्याच्या परवानगीशिवाय घेण्याचा हक्क यातून कसा निघेल? घरमालक छप्पर दुरुस्त करत नाही म्हणून भाडेकरूने त्याच्या दुसऱ्या खोलीचे कुलूप तोडायचे नसते. खोली सोडावी, तक्रार करावी, न्याय मागावा. पण एका अन्यायाने दुसरा अन्याय जायज होत नाही.

ज्ञान आणि लेखन यांवर मालकी सांगता येते का, याविषयी पूर्वी काही उलमांचे मत प्रतिकूल होते, हे खरे आहे. परंतु डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या पाचव्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला की, व्यापारी नाव, लेखन आणि संशोधन यांवरील हक्कांना आजच्या व्यवहारात आर्थिक मूल्य आहे, शरीअतमध्ये ते हक्क मान्य आहेत आणि त्यांचे उल्लंघन करता येणार नाही. शिवाय गेमच्या मागे अनेकांची वर्षानुवर्षांची मेहनत असते. मजुराची मजुरी बुडवणे हे ज्या दीनमध्ये मोठे पाप आहे, तेथे या मेहनतीची मजुरी बुडवणे क्षुल्लक कसे मानता येईल?

कायद्याची बाजूही कडक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सांगितले. नकली सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी कलम ६३ ब वेगळे आहे. तेथे किमान सात दिवसांची कैद आहे. वापर कमाईसाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. म्हणजे दुकानातल्या बिलाच्या संगणकावर नकली सॉफ्टवेअर टाकणाऱ्याने आपण निव्वळ ग्राहक आहोत अशा भ्रमात राहू नये. मात्र कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती खराब होण्याच्या भीतीने स्वतःपुरती राखीव प्रत काढून ठेवण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे, हेही माहीत असावे.

दुकानदारांनी काय करावे?

१. जुनी डिस्क घेताना ती अस्सल आहे हे पाहा, चालवून बघा आणि विकणाऱ्याचे नाव लिहून पावती करा. चोरीचा माल ओळखण्याचा आणि आपली बाजू सांभाळण्याचा हाच मार्ग आहे.

२. खोक्यात कोड असेल तर तो वापरलेला आहे की नाही, आणि गेम इंटरनेटशिवाय चालतो की नाही, हे ग्राहकाला विचारण्याआधी सांगा. बिलावर 'डिस्क', 'कोड' किंवा 'चावीचे कार्ड' असे स्पष्ट लिहा.

३. गेमने भरलेले खाते विकू नका, विकत घेऊ नका. ते खाते अटींप्रमाणे हस्तांतरित होत नाही. मूळ खातेदार उद्या पासवर्ड बदलून ते परत घेऊ शकतो आणि तुमचा ग्राहक तुमच्याच दारात उभा राहील. जे आपल्या ताब्यात नाही ते विकू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण येथे तंतोतंत लागू पडते.

४. हार्ड डिस्कवर गेम भरून देणे, कन्सोलला चिप बसवून नकली गेम चालू करून देणे ही कामे सोडा. संरक्षण तोडण्याच्या कृत्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आणले आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय अशा प्रतींतून विषाणू घुसून ग्राहकाच्या बँक खात्याचे पासवर्ड चोरीला गेले, तर दुकानाची पत कायमची जाते. दुरुस्ती, साफसफाई, जुन्या कन्सोलची खरेदी-विक्री आणि अस्सल जुन्या डिस्क यांत हलाल कमाईला भरपूर वाव आहे.

ग्राहकांनी काय करावे?

१. डिस्क आणि डाउनलोड यांची किंमत जवळपास सारखी असेल, तर डिस्कची फेरविक्रीची किंमत वजा करून हिशेब मांडा.

२. जीओजीसारखी काही ऑनलाइन दुकाने गेमची संपूर्ण फाइल उतरवून स्वतःजवळ ठेवू देतात आणि ती इंटरनेटशिवाय चालते. शक्य असेल तेथे असा माल पसंत करा.

३. पैसे घेऊन कंपनीने सेवा बंद केली किंवा खाते विनाकारण गोठवले, तर आधी लेखी तक्रार करा आणि तिची प्रत ठेवा. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अन्यायकारक करार' ही नवी कल्पना आली असून, योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवणे हे त्यात मोडते. अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे करावी लागते.

सारांश असा की, या व्यवहारात कंपनीने मालाचे खरे नाव सांगितले पाहिजे, दुकानदाराने जे आपले आहे तेच विकले पाहिजे आणि ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी आपल्याला काय मिळते आहे हे विचारले पाहिजे. कंपन्यांना आपण एकट्याने बदलू शकणार नाही; पण आपल्या गल्ल्यात येणारा रुपया कोठून आला, हे मात्र आपल्याच हातात आहे. अल्लाह आपणा सर्वांना स्वच्छ व्यवहाराची सद्बुद्धी आणि कमाईत बरकत देवो. आमीन.